अण्णांच्या रायफलीचा नवा चाप

अण्णांच्या रायफलीने जन्मात कधी कुणाला इजा केली नाही. इजा झाली ती तिलाच, आणि ती मी केली.

अण्णा माझ्या मावशीच्या सासरचे, लांबचे. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलं आणि तिथंच मुरलं. घरात मराठी बोलत, पण कानडीत चांगली बुडवून काढलेली. मी साताऱ्याकडचा. आठवीत गणिताने मला सोडलं आणि मी शाळेला. (दोघांनाही फारसं वाईट वाटलं नाही.) अण्णांनी मला घरात ठेवून घेतलं, दोन्ही वेळा पोटभर जेवू घातलं आणि ओळखीच्या फोरमनला, नंजुंडय्यांना, सांगून कारखान्यात हंगामी मदतनीस म्हणून चिकटवलं. पक्की नोकरी आता हाताशी आली होती. फक्त 'हा इसम कामाचा आहे, मी हमी देतो' अशा कागदावर अण्णांची सही व्हायची होती.

"दसऱ्याला करू रे," अण्णा म्हणाले. "चांगला दिवस आहे."

सही झाली नाही तर परत गावी, वडिलांसमोर! या धास्तीने मी त्या दिवसांत कशालाच 'नाही' म्हणत नव्हतो. अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, "आणखी भात?" म्हटलं की सातव्यांदाही "वाढा!"

अशात विलायतेहून पुडकं आलं. छावणीतल्या एका साहेबाने मायदेशी जाताना आपली जुनी बोल्टची रायफल अण्णांना विकली होती. तिचा चाप भलता जड. तो पुरता ओढेपर्यंत समोरचं हरीण घरी जाऊन जेवून आलं असतं! साहेबाने ते लक्षात ठेवून आता एक नवाकोरा, हलका चाप पाठवला होता.

"बसेल का रे हा आपल्या रायफलीला?" अण्णांनी विचारलं.

"बसेल की!" मी म्हणालो. रायफल आतून कशी असते हे मी बाहेरूनही नीट पाहिलं नव्हतं.

"मग उद्या खंडेनवमी, पूजेआधी बसवून टाक. नंजुंडय्या प्रसादाला येणार आहेत. बघू देत त्यांना तुझी कारागिरी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा देवळात गेले आणि मी परसात वर्तमानपत्र पसरून बसलो. (काडतुसं कपाटात, किल्ली अक्कांच्या कमरेला. म्हणजे जिवाला धोका होता तो फक्त माझ्या नोकरीच्या.) अर्ध्या तासात रायफल सुटी झाली. इतकी सहज, की मला स्वतःचा अभिमान वाटू लागला. मग नवा चाप जुन्याच्या जागी ठेवला. मापात वाटला. पण खिळीचं भोक एका गावात आणि चापाचं दुसऱ्या! उलटा धरला, तिरका धरला, देवाचं नाव घेऊन धरला. एकदाचा अडकला, तर बोल्ट पुढे ढकलल्यावर आतला घोडा चढून राहीना. टक् करून खाली! पुन्हा ढकलला. पुन्हा टक्! मग माझी बुद्धीही टक् करून खाली बसली.

नवा चाप खिशात टाकला आणि धावत शिवाजीनगर गाठलं. तिथं करीमभाई बंदुका दुरुस्त करायचे. त्यांनी चाप डोळ्याजवळ नेला.

"रायफल कौनसी?"

"जुनी."

"कितनी जुनी?"

"अण्णांपेक्षा थोडी लहान."

करीमभाई हसले. "अरे मियाँ, तुम्हारी पुरानी में चाप नीचे की कडी को लटकता. ये नये मॉडेल का है, ऊपर धड को लटकता. दिखने को भाई-भाई, बैठने को दुश्मन!"

"कानस मारून स्वल्प जमणार नाही?" मी काकुळतीने विचारलं.

"कानस?" त्यांनी मागे बोट दाखवलं. "कारीगरों की आयुधपूजा है. कानस, पकड, हातोडी, सब हार पहन को बैठे हैं. हाथ नक्को लगाव!"

जुनाच चाप परत बसवावा, असं ठरवून मी घामाघूम घरी आलो. परस रिकामं! रायफल नाही, वर्तमानपत्र नाही, माझा स्क्रूड्रायव्हरसुद्धा नाही.

"अक्का! रायफल कुठाय?"

"पूजेत!" अक्का आनंदाने म्हणाल्या. "दरवर्षी मेली एकच बंदूक असते रे. यंदा बघ किती आयुधं!"

पाटावर लाल वस्त्र. त्यावर नळी, दस्ता, बोल्ट, जुना चाप, कडी, स्प्रिंग आणि प्रत्येक स्क्रू वेगवेगळा मांडलेला. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल! शेवटी विळी, अडकित्ता आणि माझा स्क्रूड्रायव्हर.

"अक्का, पाच मिनिटं उचलू का?"

"अय्यो! उद्या उत्तरपूजा होईतो हात लावायचा नाही! अनर्थ होतो."

अनर्थ तेवढ्यात दारात चप्पल काढत होता. अण्णा आणि त्यांच्यामागे नंजुंडय्या!

"या, या," अण्णा उत्साहाने म्हणाले. "आमच्या पोराने नवा चाप..." पुढचं वाक्य पाटावर नजर गेली तिथंच संपलं. अण्णांचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा, मग कुंकवापेक्षा लाल झाला.

नंजुंडय्या हात पाठीमागे बांधून पाटाला एक चक्कर मारून आले. कानडीत म्हणाले (तेवढं कानडी मला तोवर कळू लागलं होतं), "हे कुणी सुटं केलं?"

"मी."

"किती वेळात?"

"अर्धा तास."

ते वाकले. "एकाही स्क्रूची खाच झिजलेली नाही. कुठं ओरखडा नाही. जोडता येईल?"

मी अण्णांकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं. "नाही," मी म्हणालो. बंगळूरला आल्यापासूनचा माझा हा पहिला नकार!

"सरी," म्हणजे 'ठीक', एवढंच नंजुंडय्या म्हणाले आणि प्रसादाला बसले.

दसऱ्याला उत्तरपूजा झाल्यावर अण्णांनी जुनाच चाप घालून रायफल स्वतः जोडली. वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी मनातल्या मनात सामान बांधून मोकळा झालो. मग त्यांनी हात पुसले, कागद मागवला, सही केली आणि सहीखाली वळणदार अक्षरात एक ओळ वाढवली : 'सुटं करण्यात तरबेज. जोडणीची हमी नाही.'

माझे डोळे भरून आले. अशी माणसं परमुलखात मिळत नाहीत हो!

नंजुंडय्यांनी तो कागद वाचून मला जुनी यंत्रं मोडीत काढण्याच्या खात्यात लावलं. तिथं मी अठ्ठावीस वर्षं इमानाने काढली. जोडणी खात्यात मात्र मला चहालाही कुणी बोलावलं नाही. निवृत्त झालो तेव्हा सर्वांनी मिळून मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. टाळ्यांच्या कडकडाटात कारखान्याचे साहेब माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "चालू आहे ते. कृपा करून आत बघू नका."