तारेखालची हळद

ग्लूचा उग्र वास आला की वणीच्या घरातला ताईच्या हळदीचा दिवस आठवतो. नवरीच्या हातात लोखंड पायजे म्हणून आईनं सुरी दिली, तर ताईनं आपली तलवारबाजीच्या खेळातली तलवार मागितली. टोक दाबलं की तलवारीला जोडलेल्या पेटीवर गुणाचा दिवा लागायचा, पण पात्यातली तार तुटली होती. सासरच्यांनी खेळ सोडायला लावलाच होता. “आता कायले जोडून राह्यली वं?” आई म्हणाली. “बिघडलेली ठेवून नाही जात मी.” मी पातं वाकवून धरलं, तिनं पिवळ्या बोटांनी खाचेत नवी तार चिकटवली. टोक दाबताच दिवा लागला आणि ताई रडली. आता ती माहेरी येते, पण तलवारीकडे पाहत नाही. परवा मी टोक दाबलं, तर दिवा लागला नाही. तार बदलायची तर जुना ग्लू खरवडावा लागेल, आणि त्यात अजून तिची हळद आहे.