सुभेदारांचा जुना स्कॅन

'डिस्क वाचता येत नाही,' असं मशीनने पुन्हा दाखवलं आणि डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू डिस्क मीच घडवली होती.

नव्वदच्या दशकातलं सांगलीचं एक सीटी स्कॅन सेंटर. मी साताऱ्याहून एसटीने आलेला सर्व्हिस इंजिनिअर. बाहेर बाकावर वडूजचे एक निवृत्त सुभेदार बसले होते. त्यांच्या मेंदूत गाठ होती. वाढली असेल तर ऑपरेशन, नसेल तर नुसत्या गोळ्या. ताजा स्कॅन झाला होता, पण ताडून पाहायला गेल्या वर्षीचा हवा. त्याची फिल्म घरी उंदरांनी कुरतडली. उरली ती सेंटरमध्ये जपलेली डिस्क.

"आवं सायेब, माझं डोस्कं त्या तबकडीत अडकलंय म्हंत्यात. निघंल न्हवं?"

"बघतो."

"बघा निवांत. मी कुठं पळतोय?"

ही मॅग्नेटो-ऑप्टिकल डिस्क. लेझर एक ठिपका तापवतो, तो गरम असतानाच चुंबक त्याची चुंबकीय दिशा ठरवतो. वाचताना लेझर मंद करतात. ठिपक्याच्या दिशेप्रमाणे परतणारा प्रकाश किंचित वळतो. इतका किंचित, की भिंग स्वच्छ नसेल तर ड्राइव्हला पत्ताच लागत नाही.

इतर जुन्या डिस्क घालून पाहिल्या. सगळ्या अडखळल्या. सगळ्या एकदम बिघडणार नाहीत, म्हणजे दोष ड्राइव्हचा. कोऱ्या डिस्कवर लिहून पाहिलं. लिहिलेलं ड्राइव्ह स्वतःच वाचून पडताळतो, तिथेही नापास.

"धूळ असेल," मी म्हणालो.

"अशक्य!" डॉक्टर म्हणाले. "इथे मंत्रीसुद्धा चपला बाहेर काढतात."

खरं होतं. माझ्या मोज्याचं भोक त्यामुळेच सर्वांनी पाहिलं होतं.

ड्राइव्ह उघडला. धूळ नव्हतीच. भिंगावर तपकिरी, चिकट थर होता. कापूस फिरवून वास घेतला. चंदन.

"इथे उदबत्ती कोण लावतं?"

ऑपरेटर बाई छताकडे पाहू लागल्या.

"मी," डॉक्टर म्हणाले. "रोज, मशीन सुरू करण्याआधी." त्यांनी ड्राइव्हच्या जाळीकडे बोट दाखवलं. काडी तिथे छान बसायची. हवा आत ओढणारा पंखा त्याच जाळीमागे होता. नैवेद्य थेट पोचत होता.

भिंग पुसलं. स्कॅन उघडला. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बराच वेळ मोजमाप केलं. मग सुभेदारांना आत बोलावलं.

"गाठ होती तेवढीच आहे. ऑपरेशन नको."

सुभेदार खुर्चीत टेकले. म्हणाले, "मंजी माझ्यापरास मशिनच लय आजारी हुतं की!"

उदबत्ती बंद झाली नाही. ती चपलांच्या स्टँडवर गेली, तिथे तिची गरजही जास्त होती. मी मात्र तेव्हापासून कुठेही गेलो की आधी देव कुठे आणि पंखा कुठे ते पाहतो. दोघांत हातभर अंतर नसेल, तर बाकी काही न विचारता स्क्रू-ड्रायव्हर काढतो.