दस्तगीरचाचांच्या दारावरची पाटी

कळंबहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं उस्मानाबादच्या स्टँडवर मला हाक मारली. "अरं, तुझं दस्तगीरचाचा गेलं बघ सकाळी." मी हातातली पुस्तकं सावरत तसाच उभा राहिलो. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या डोक्यातून रक्त वाहताना मी पाहिलं होतं... तरी ते जातील असं वाटलं नव्हतं. हे सगळं लिहावं की नको, यात चाळीस दिवस गेले.

चाचा कळंबला आमच्या शेजारी राहत, हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करत. त्यांनी एक वेगळीच पेटी बनवली होती. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी तिच्यातून ओढली, की भात्याची हवा त्या भोकांतून जाऊन सूर वाजत. पण प्रत्येक सुरासाठी भोक पाडत बसणं त्यांना पटेना. "एवढा पुठ्ठा आणायचा कुठनं? पेटीला हुकूम कळला पाह्यजे," ते म्हणत. म्हणून पट्टीच्या कडेला त्यांनी हुकमांची भोकं ठरवली. एक भोक म्हणजे मागची ओळ पुन्हा, दोन म्हणजे तीच ओळ एक सूर वर, तीन म्हणजे थांब. लग्नातलं अख्खं गाणं मग हातभर पट्टीत मावू लागलं. "आता हिला आपली बोली समजती, लेका," म्हणून ते हसले होते.

चाचांची शाळा निजामाच्या काळातली, सगळी उर्दूत. मराठी अक्षर त्यांना लागत नसे. लाकडी पाटीवर त्यांचं नाव आणि 'पेटी दुरुस्ती' एवढंच लिहायला त्यांनी मला सांगितलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच... शहाणपण अंगात आलं होतं. त्यांना न विचारता मी खाली एक ओळ वाढवली, 'माणसाशिवाय वाजणारी पेटी येथे मिळेल.'

पाटी दारावर लागली, त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी लग्नात वाजवणारे बँडवाले आले. म्होरक्यानं पाटी उपटली. "माणसाशिवाय? मग आमी काय मेलो व्हय रं?" एकेक शब्द मोठ्यानं वाचत तो त्याच पाटीनं चाचांना मारत होता. बाकीच्यांनी पेटी दगडानं फोडली, भाता फाडला, चाचांची बोटं टाचेखाली रगडली. मी भिंतीला चिकटून उभा होतो. "कुणी लिवलं हे?" कुणीतरी ओरडलं. पाटीवर काय आहे ते चाचांना मार खातानाच कळलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"म्याच लिवलं," ते म्हणाले.

मी गप्प राहिलो. मग पाटीची कड त्यांच्या डोक्यात बसली.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला कळंबला गेलो आणि चाचींना सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हाईत हाय. दवाखान्यात म्हणत होते, पोराला काय बोलू नको. अक्षर लई चांगलं हाय त्याचं."

पाटी त्यांनी पुन्हा दारावर लावली होती. एक कोपरा फुटलेला, एकाच खिळ्यावर हलत होती. खालची ओळ खरवडून टाकतो, असं मी म्हणालो.

"हात लावू नको. त्यांचं नाव बी त्याच रंगात हाय."

चाचींनी आतून हातोडी आणून दिली. मी दुसरा खिळा ठोकला.