दोन श्रावण

विमा विकण्यात माझी हयात गेली. जयपूरच्या अर्ध्या आदर्श नगरला मी मरणाची भीती घालून सह्या करायला लावल्या आहेत, आणि तेही सातारी वळणाच्या हिंदीत. त्यामुळे फोनवर कर्करोगाच्या तपासणीचे मेसेज येऊ लागले तेव्हा त्यांची भाषा मला घरचीच वाटली. आधी थोडी भीती, मग थोडी माया, शेवटी ‘आजच या’. सोबत हसरी आजी आणि तिच्या मांडीवर नातू. मी मनातल्या मनात दाद द्यायचो आणि मेसेज बायकोला पुढे ढकलायचो. बनी पार्कातल्या घरात मी सोफ्यावर, ती स्वयंपाकघरात. तिकडून अंगठा यायचा.

“अगं, अंगठा काय दाखवतेस? पन्नाशी उलटली. मॅमोग्राफी करून टाकू.”

“श्रावण होऊ दे.”

आता जयपुरात श्रावण दोन. इथला पंधरा दिवस आधी लागतो, आपला मागून येतो. शेजारणींसोबत तिने इथले सोमवार धरलेले, आणि माहेरचे सोडवत नाहीत म्हणून आपलेही. दीड महिना त्यात गेला. मग गणपती, गौरी. पितृपक्षात असल्या कामाला कोण बाहेर पडतं? पुढे नवरात्र, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू.

मुलगी बंगळुरूहून तिच्या मोडक्या मराठीत फोनवर चिडायची. “आई, मतलब, तू जाते का नाही?”

“जाते गं. तुझे बाबा काही मला विसरू देत नाहीत.” मग माझ्याकडे वळून, “अहो, गिऱ्हाइकाला तरी इतकं छळत होता का?”

मी हसायचो. कुणी बरं वाक्य टाकलं की मी तिथंच गारद होतो. महाराष्ट्र मंडळात तर मी हा किस्सा रंगवून सांगायचो, की आमच्याकडे दवाखान्याला पंचांगाची परवानगी लागते. लोक पोट धरून हसत. तीही हसे.

गेलो तेव्हा होळी होऊन गेली होती. एका तपासणीतून दुसरी निघाली, दुसरीतून तिसरी. आजार हाडांत उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून विचारलं, “पहले क्यों नहीं आए?”

लोकांच्या शंकांना उत्तरं देऊन पोट भरलेला मी. फाइलीतले रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत बसलो. तिनेच पदर सारखा केला आणि म्हणाली, “सावन था, डॉक्टरजी.”

मेसेज अजून येतात. ‘वेळीच तपासा, निर्धास्त जगा.’ वाक्य चांगलं आहे, धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. तिच्या धाकट्या बहिणीला साताऱ्याला पाठवतो. ती लिहिते, “आधी ताईचं मार्गी लागू दे, मग बघू.” खाली जोडलेले हात. पुन्हा पाठवतो. पुन्हा हात.

परवा इंजेक्शन घेऊन आल्यावर ती पलंगावर कॅलेंडर घेऊन पडली होती. पानं उलटायलाही दम लागत होता.

“अहो, यंदा इथलाच श्रावण धरते.”

“का गं? आणि आपला?”

“इथला लवकर येतो.”

मी बरं म्हणालो.