उशा किती लागतात?

मृणालचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "आत्या, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी गॅस बंद केला, पुन्हा चालू केला... काय करावं तेच सुचेना. आदल्या रविवारीच तर मी ठाण्याहून डोंबिवलीला जाऊन सुलभावहिनीला भेटून आले होते. ती पलंगावर बसूनच होती, पाठीशी तीन उशा. माझी नजर उशांवर गेलेली तिनं बरोबर पकडली. "मोजल्यास ना? मग आता विचारू नकोस," म्हणाली आणि हसता हसता खोकत राहिली.

उशा किती लागतात, हा प्रश्न मुळात तिचाच. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्रास सुरू होतो तो कित्येक वर्षांनी, हे आमच्या शिकल्यासवरलेल्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. दादाला निवृत्तीनंतर धाप लागायला लागली, तेव्हा आम्ही वयाला दोष दिला. रात्री त्याला आडवं होता येईना. एक उशी, मग दुसरी... वहिनी वैतागायची, "इतकं उंच झोपलात तर मान धरेल." क्षयाची औषधं झाली, दम्याची झाली. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही कामाला कुठे होतात? तोवर फार उशीर झाला होता.

दादा गेल्यावर वहिनी त्याच्या जुन्या सहकाऱ्यांची घरं शोधत हिंडू लागली. बँकेतून निवृत्त झालेली, कधी आवाज न चढवणारी बाई. पुरुष तिला दारातूनच वाटेला लावत. "मला काय धाड भरलीय?" हे ठरलेलं उत्तर. मग तिनं पुरुषांना विचारणंच सोडून दिलं. संक्रांतीला मोहने गावातल्या एका चाळीत हळदीकुंकू होतं. विधवा म्हणून तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती आपणहून जाऊन बसली आणि तिला ऊठ म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. शेजारी बसलेल्या शेवंताबाईंचा नवरा त्याच कारखान्यातला. वहिनीनं सहज विचारावं तसं विचारलं, "मालकांना झोपताना उशा किती लागतात हो?" शेवंताबाई जरा जवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, आडवंच होता येत नाय त्यांना. भिंतीला टेकून बसतात रातभर. मी कुणाला बोलली नाय." त्या दुपारी आणखी दोघीतिघींनी तोंड उघडलं.

"गादीवाल्यानं कमिशनवर ठेवलंय का तुला?" असं मी चिडवायचे. पण शेवंताबाईंच्या नवऱ्यासाठी तिनं इस्पितळाच्या घातलेल्या खेपा मी पाहिल्या आहेत. कारखान्याच्या डॉक्टरनं 'विडीचा खोकला' लिहून हात झटकले होते. 'कामामुळे झालेला आजार' हे शब्द कागदावर आल्याशिवाय भरपाई मिळणार नव्हती. ते शब्द आले, तेव्हा तो माणूस जिवंत होता, याचंच वहिनीला अप्रूप. दादाच्या कागदांवर मात्र दमाच राहिला.

आणि तिचं स्वतःचं काय? दादाचे कामाचे कपडे ती रोज गॅलरीत झटकायची. पिठासारखी पांढरी धूळ उडायची. ती बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा ते काम माझ्याकडे होतं, माझं लग्न व्हायचं होतं. घरी आणलेल्या या धुळीबद्दल ती चाळीचाळीतून बायकांना सांगत फिरली. स्वतःच्या छातीत काय चाललंय ते मात्र आमच्यापासून लपवलं. याचा मला अजून राग येतो.

त्या दिवशी पोहोचले तेव्हा तिला हॉलमध्ये जमिनीवर ठेवलं होतं, अगदी सपाट. मला ते बघवेना. आतल्या खोलीत जाऊन मी पलंगावरच्या उशा उचलून आणल्या आणि तिच्या मानेखाली हात घातला. मृणालनं माझं मनगट धरलं. "आत्या," ती म्हणाली, "आता नाही लागणार तिला."

त्या उशा मृणालनं मलाच दिल्या. दोन कपाटात आहेत, एक मी घेऊन झोपते. दिवा मालवला की वहिनीचा प्रश्न आठवतो आणि मी मनातल्या मनात तिला उत्तर देते... एकच लागते गं. अजून तरी एकच.