तुले त मालूमच आहे

आसगावची रश्मी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करत होती. विषय तिच्याच गावचा: मुली आठवीत शाळा का सोडतात. "परक्याला जे सात जन्मांत कळणार नाही, ते मला चुटकीसरशी कळेल," असं ती नागपुरात ऐटीत सांगायची. गावाची दारं तिला उघडी होतीच, पण ती थेट चुलीपाशी नेणारी. कुठंही गेली की बायका तिच्यापुढं सोलायला लसणानं भरलेलं सूप सरकवत. लसूण सोलणाऱ्या पोरीला मुलाखत कोण देतो? काही विचारलं की एकच उत्तर, "तुले त मालूमच आहे." रेकॉर्डिंग ऐकून मार्गदर्शक बाई वैतागल्या, "उत्तरं आणलीस की नुसती जेवून आलीस?"

म्हणून या खेपेला तिनं सोबत विद्यापीठातल्या मैत्रिणीला, रिताला नेलं. रिता जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, तिनं बसच्या खिडकीतूनच पाहिलेल्या. वच्छलाच्या घरी रिताला खुर्ची आणि चहा मिळाला, रश्मीला चुलीपाशी लसूण. वच्छला ही रश्मीची सातवीपर्यंतची बाकावरची मैत्रीण. रश्मीला सगळ्यांत आधी तिचीच मुलाखत हवी होती आणि नेमकी तीच मिळत नव्हती.

"रोवणी म्हणजे काय हो?" रितानं भाबडेपणानं विचारलं. वच्छला खुलली. चिखलात रोपं कशी लावतात, बायांची टोळी कशी जुळते, सगळं तिनं हातवारे करून सांगितलं.

"मग तुमची शाळा कशी सुटली?"

वच्छलानं चुलीकडं पाहिलं. "हिच्यासमोर नाही सांगत."

रश्मीला ते फार लागलं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. "वच्छला, मले मालूम नाही व. खरंच नाही. सांग."

वच्छलानं चुलीपाशी राहिलेलं लसणाचं सूप बाजूला सारलं.

"टोळी तुह्या मायची होती. तुले शाळेत पाठवाचं होतं, त रोवाले एक बाई कमी पडे. तुही माय आमच्या घरी आली, मले घेऊन गेली. पुढच्या साली बी नेलं. मंग कायची शाळा? तुह्या जागेवर मी रोवत होती."

"मले त वाटे, तुले अभ्यासाचा कंटाळा आहे."

"तुले तसंच सांगतलं असन." वच्छलाच्या आवाजात राग नव्हता, म्हणून रश्मीला जास्तच रडू आलं. "आता हे लिहिशील का?"

घरी आई रश्मीची जेवायला वाट पाहत होती.

"लिहीन," रश्मी म्हणाली. "पहिले मायले वाचून दाखवीन."