एक्केचाळिसाव्या पानाचा कोपरा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतक्या ख्रिस्ती कादंबऱ्या साऱ्या चेन्नईत कुणी विकत घेतल्या नसतील, आणि त्यांच्याइतक्या कमी कुणी वाचल्याही नसतील. शहराबाहेरच्या आवडी या गावातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये नगरकडची ख्रिस्ती घरं आमची दोनच. काकांची उभी हयात संरक्षण खात्याच्या कारखान्यात तंबूचं कापड तपासण्यात गेली होती. दोष दिसला की खडूने खूण करायची आणि तागा तिथेच थांबवायचा. निवृत्तीनंतर तोच न्याय त्यांनी स्वतःला लावला. कादंबरीतलं पात्र प्रार्थना करू लागलं की काका तीच प्रार्थना मोठ्याने म्हणून पाहत. मनापासून म्हणता आली तर पुढे. नाही तर पानाचा कोपरा दुमडायचा, नखाने घडी पक्की करायची आणि ती प्रार्थना जमेपर्यंत पुस्तक बंद. "दोष पुस्तकात नसतो, भाऊ," ते सांगत, "कापड आपलं असतं." एका कादंबरीत नायक शेजाऱ्याला क्षमा करतो, त्या पानावर ते चार वर्षं अडले होते. आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळे; तो शेजारी म्हणजे मी, हे मला फार उशिरा कळलं. घरात दोनशे पुस्तकं, पुरी झालेली तीन. जॉर्ज टाउनच्या फुटपाथवरचा पुस्तकवाला नवं पुस्तक देण्याआधी विचारी, "सार, मागच्याचं काय झालं?" एका रविवारी प्रवचन चालू असताना त्यांनी उपासनेच्या कागदाचा कोपरा दुमडला, तर पाळकसाहेब पुढचं सगळं त्या कोपऱ्याकडे बघूनच बोलले. मी तेव्हा हसायचो.

नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. माझी बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा काकांनी तिला एक कादंबरी दिली आणि सोबत आपला नियमही. त्या कादंबरीतली आजारी बाई एक्केचाळिसाव्या पानावर म्हणते, "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." हिने तिथे कोपरा दुमडला आणि पुढे गेलीच नाही. मी काकांवर चिडलो. म्हटलं, तिच्यापाशी वेळ नाही, निदान शेवट वाचू द्या, ती बाई बरी होते. काका शांतपणे म्हणाले, "शेवट वाचायला ना नाही, भाऊ. ती प्रार्थना खोटी म्हणायला मात्र तिला लावू नका." त्या संध्याकाळी मीच तिला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, कोपरा उघडू नका. तेवढाच माझा आहे."

नऊ दिवसांनी ती गेली. दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, भगिनी पूर्ण विश्वासात निजली. मला ते ऐकवेना. त्याच आठवड्यात मी पुस्तक काकांच्या दारात ठेवून आलो आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. शांतपणे मरण्याचीही सोय त्यांनी तिला ठेवली नाही, असं मला वाटे.

दोन वर्षांनी काका मुलीकडे नगरला निघाले. जाण्याआधी जिना चढून वर आले, "सलाम, भाऊ," म्हणाले आणि ते पुस्तक माझ्या हातात दिलं. मी त्यांना बसा म्हटलं नाही.

पुस्तक मी उघडलं ते कितीतरी महिन्यांनी. तिची घडी होती तशीच होती, लहान, अर्धवट दाबलेली. तिच्यावरून दुसरी घडी होती, मोठी, नखाने पक्की केलेली.

रविवारी उपासनेहून आलो की मी ते पान काढतो आणि ती ओळ मोठ्याने म्हणायला जातो. निम्म्यावर आवाज थांबतो. तिसरी घडी मी अजून घातलेली नाही. कागद जुना झालाय, कोपरा तुटेल.